नकाशावर ट्रॅक ‘खुला’ आहे, पण कॅराव्हॅन न्यायची का?

प्रश्न थोडक्यात असा. मेलबर्नचं चौघांचं मराठी कुटुंब. गाडी टोयोटाची प्राडो, मागे १९ फुटी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर), सामान भरून वजन २,५०० किलो. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत साउथ ऑस्ट्रेलियातल्या मारीपासून ऊडनाडाट्टा ट्रॅक या कच्च्या रस्त्याने मार्लाला जायचं आणि तिथून उलुरू गाठायचं. सरकारी नकाशावर ट्रॅक खुला दिसतो. एवढं पुरेसं आहे का, की आणखी काही पाहायला हवं?

पुरेसं नाही. ‘खुला’ याचा अर्थ इतकाच की आज त्या रस्त्यावर गाडी घालणं बेकायदा नाही. अडीच टनांची कॅराव्हॅन, तिच्यातली कपाटं, गॅसची नळी आणि मागच्या सीटवरची मुलं मार्लाला धड पोचतील का, हे त्या शब्दात कुठेच नसतं. ते तुम्हालाच गोळा करावं लागतं. पाऊस किती झाला, ग्रेडर (कच्चा रस्ता सपाट करणारं यंत्र) कधी फिरला आणि नुकतीच तिथून आलेली माणसं काय सांगतात, या तीन गोष्टी जुळल्या की चित्र उभं राहतं. मी ॲडलेडला राहतो, अनेक वर्षं या भागात कॅराव्हॅन ओढतो आहे, आणि ट्रॅकवर उतरण्याआधीची ही चौकशी मला गाडीला लावलेल्या कुठल्याही महागड्या वस्तूपेक्षा मोलाची वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा रस्ता आहे तिथेच का आहे, ते पाहा. मारी ते मार्ला साधारण ६२० किलोमीटर. या पट्ट्यात जमिनीतून आपोआप पाणी वर येतं अशा झऱ्यांची ओळ आहे. इथल्या मूळ रहिवासी अरबाना लोकांना ते झरे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. शोधप्रवासी जॉन मॅकडुअल स्टुअर्ट १८६० च्या सुमारास उत्तरेकडे गेला तो त्यांच्याच आधाराने, १८७२ मध्ये पूर्ण झालेली ओव्हरलँड टेलिग्राफची तारही या बाजूने गेली, मागून घान रेल्वे आली. १९८० साली ही जुनी लाइन बंद झाली, नवी पश्चिमेकडे गेली आणि इथे रस्ता उरला. म्हणजे हा रस्ता पाणी टाळत उंचावरून जात नाही. कटी थंडा-लेक एअरच्या बाजूने, ओढ्यांना आडवा जातो. त्या तलावाचा तळ समुद्रसपाटीच्या सुमारे १५ मीटर खाली आहे, त्यामुळे पश्चिमेला पडलेलं पाणी नील्स, पीक अशा ओढ्यांतून तलावाकडे निघालं की वाटेत तुमचा रस्ता ओलांडतं. नील्सवरचा १८९२ चा अल्जेबकिना रेल्वे पूल अर्ध्या किलोमीटरहून लांब आहे. एरवी कोरड्या दिसणाऱ्या पात्रावर एवढा पूल कशाला बांधला, याचं उत्तर पुराच्या दिवसांत मिळतं. मोटारींची वाट मात्र खालून, पात्रातूनच आहे.

म्हणून पाऊस पाहताना फक्त रस्त्यावरचा पाहू नका, रस्त्याच्या पश्चिमेचाही पाहा. हवामान खात्याच्या, म्हणजे ब्युरोच्या, संकेतस्थळावर मारी, कूबर पीडी, ऊडनाडाट्टा आणि मार्ला इथले मागच्या दोन आठवड्यांचे रोजचे आकडे उतरवून घ्या. मग लक्षात घ्या की दोन केंद्रांमध्ये दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त अंतर आहे. मधे एखाद्या ढगाने वीस मिलिमीटर ओतलं तरी एकाही आकड्यात ते उमटणार नाही. या भागात रडारचं जाळंही विरळ आहे. ही पोकळी भरायला मी उपग्रहाची चित्रं वापरतो. सेंटिनल-२ उपग्रहांची चित्रं फुकट पाहता येतात, साधारण पाच दिवसांनी नवीन येतात आणि त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. रस्ता त्यात नीट दिसत नाही, पण ओढ्यात पाणी उभं आहे का, सखल जागी तळी साचली आहेत का, माती आजूबाजूपेक्षा गडद दिसते का, एवढं नक्की कळतं. आभाळ भरलेलं असेल तर चित्र निरुपयोगी; मग आधीच्या चित्रावर विसंबू नका.

जुलै म्हणजे कोरडा महिना, असं बरेच जण सांगतील. डार्विनकडे, किंबर्लीत ते खरं आहे. ऊडनाडाट्टाच्या अक्षांशावर हिवाळ्यात वायव्येकडून ढगांचा लांबच लांब पट्टा येतो आणि दिवसभर हलका पाऊस लावून जातो. आकडा लहान असतो, परिणाम मोठा. जुलैत ऊन तिरपं असतं, दिवस लहान असतो, रात्री पारा शून्याजवळ जातो, त्यामुळे माती वाळायलाच तयार नसते. जानेवारीत दोन दिवसांत सुकणारे दहा मिलिमीटर जुलैत आठवडाभर रस्ता अडवून ठेवू शकतात. मराठवाड्यातल्या पावसाळ्यात काळ्या रानातून चालताना चपलेखाली मातीचा थर कसा चढत जातो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना इथल्या चिकणमातीबद्दल वेगळं सांगायला नको. टायरच्या खाचा भरतात, चाकाची पकड जाते, आणि मागची कॅराव्हॅन उताराच्या बाजूला घसरू लागते. फोर व्हील ड्राइव्ह तुमच्या गाडीच्या चाकांना आहे. कॅराव्हॅनच्या चाकांना कुणीच ओढत नाही, ती नुसती मागे फरफटतात.

आता सरकारी माहितीकडे. साउथ ऑस्ट्रेलियाचं पायाभूत सुविधा आणि वाहतूक खातं आउटबॅकच्या रस्त्यांची स्थिती प्रसिद्ध करतं. ती नुसत्या रंगावर वाचू नका, शब्द वाचा. सर्व वाहनांना खुला, फक्त फोर व्हील ड्राइव्हला खुला, अमुक वजनापर्यंतच परवानगी, पूर्ण बंद, अशा पायऱ्या असतात. ‘फक्त फोर व्हील ड्राइव्ह’ असं लिहिलेलं असेल तर माझ्या लेखी कॅराव्हॅनचा विषय तिथेच संपला, मग तुमची प्राडो कितीही सक्षम असो. दुसरं, अख्ख्या ट्रॅकची एक स्थिती नसते. मारी ते विल्यम क्रीक, विल्यम क्रीक ते ऊडनाडाट्टा, ऊडनाडाट्टा ते मार्ला, हे प्रत्येकी दोनशे किलोमीटरच्या आसपासचे तीन वेगळे तुकडे समजा. पहिला कोरडा ठणठणीत आणि तिसरा बंद, असं पुष्कळदा असतं. मारीला ट्रॅकच्या तोंडाशी फलक आहे, त्यावर कुठला रस्ता खुला आणि कुठला बंद हे लिहिलेलं असतं. तो फलक ही सूचना नव्हे, आदेश आहे. बंद रस्त्यावर गेलात तर दंड होतो, विमा कंपनी हात झटकू शकते, आणि बाहेर ओढून काढायला येणारा ट्रक हजारो डॉलर घेतो.

याहून माझ्या मनाला जास्त लागतं ते वेगळंच. ओल्या रस्त्यावरून एक गाडी गेली की फूटभर खोल चाकोऱ्या पडतात, त्या तशाच वाळून कडक होतात आणि ग्रेडर येईपर्यंत महिनोन्‌महिने तिथल्या लोकांना छळतात. त्याच रस्त्याने तिथल्या मुलांची पुस्तकं, औषधं, गुरांचे ट्रक जातात. आपण पाहुणे आहोत. फलक बंद असेल तर मारीला थांबायचं, आणि कुणी आजूबाजूने निघून जाताना दिसलं तरी त्यांच्या मागे जायचं नाही.

सरकारी स्थितीत न मिळणारी माहिती माणसांकडून मिळते, पण प्रश्न नीट विचारावा लागतो. “रस्ता कसा आहे?” या प्रश्नाला काही अर्थ नाही. तिथला पशुपालक रोज त्या रस्त्यावरून यूट (पिकअप गाडी) पळवतो. तो मनापासून “चांगला आहे” म्हणेल, आणि त्याच्यापुरतं ते खरंच असेल. विल्यम क्रीकच्या हॉटेलला, ऊडनाडाट्टाच्या गुलाबी रोडहाऊसला फोन करा आणि नेमकं विचारा. शेवटचा पाऊस कधी झाला? शेवटची कॅराव्हॅन कधी आणि कुठल्या बाजूने आली? केवढी होती? तिला यायला किती वेळ लागला? तिचं काही मोडलं का? ग्रेडर सध्या कुठे आहे, कुठून कुठपर्यंत काम झालंय? कुठल्या ओढ्याचा उतार खचलाय? या फोनवरच डिझेल आहे का आणि पंप किती वाजेपर्यंत उघडा, हेही विचारून घ्या. ही माणसं कामात असतात, त्यांना रोज असे खूप फोन येतात. प्रश्न लिहून ठेवा, आटोपशीर बोला, आणि पोचल्यावर डिझेल किंवा जेवण त्यांच्याकडेच घ्या.

त्याहून चांगला साक्षीदार म्हणजे समोरून आलेली कॅराव्हॅन. मारीच्या कॅराव्हॅन पार्कमध्ये संध्याकाळी एक फेरी मारा. तोंड उघडण्याआधी डोळे वापरा. चिखल चाकांपुरताच आहे की खिडकीपर्यंत उडालाय? तो ओला आहे की वाळून पोपडे धरलेला? कॅराव्हॅनच्या पुढच्या भागावर दगडांचे व्रण किती आहेत? गाडीच्या मागच्या काचेवर पुठ्ठा चिकटवलेला दिसला तर समजा, गाडीच्या चाकांनी उडवलेला दगड कॅराव्हॅनवर आपटून परत काचेवर आला. ही इथली नेहमीची गोष्ट आहे. मग त्यांच्याशी बोला, त्यांनी टायरमध्ये हवा किती ठेवली होती आणि ताशी किती वेगाने आले, ते विचारा. लोक आनंदाने सांगतात. मात्र त्यांची कॅराव्हॅन तुमच्यासारखीच आहे का, हे बघून मगच त्यांचा शब्द धरा. स्वतंत्र सस्पेन्शनच्या ऑफरोड कॅराव्हॅनवाल्याने “काही त्रास नाही” म्हटलं, ते साध्या लीफ स्प्रिंगच्या कॅराव्हॅनला लागू होत नाही. वाटेत रेडिओवरही विचारता येतं. यूएचएफचं ४० नंबरचं चॅनेल ट्रकवाल्यांचं, १८ नंबरचं कॅराव्हॅनवाल्यांचं. समाजमाध्यमांवरच्या पोस्ट मीही वाचतो, पण तारीख पाहिल्याशिवाय एकही नाही. आठ दिवसांपूर्वीचा सुंदर फोटो हा आठ दिवसांपूर्वीचा रस्ता आहे.

ग्रेडरबद्दल विचारायचं कारण म्हणजे कोरुगेशन. कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा उठतात. वेगाने जाणारं चाक उसळतं, खाली आदळताना माती मागे ढकलतं, पुढच्या चाकाला तिथे उंचवटा मिळतो, आणि हे हजारो चाकांनी केलं की सगळा रस्ता लाटांचा होतो. म्हणजे कोरड्या, गर्दीच्या महिन्यात रस्ता बिघडत जातो. शाळेच्या सुट्टीत, ग्रेडर फिरून दीड-दोन महिने झालेले असताना, पाऊस नसूनही ट्रॅक सगळ्यात वाईट असू शकतो. आणि सरकारी नकाशावर तो तेव्हा सर्व वाहनांना खुलाच असतो! कॅराव्हॅन मोडते ती बहुतेकदा इथे. स्क्रू सैल होतात, कपाटाची दारं निखळतात, पाण्याच्या टाकीचे पट्टे तुटतात, शॉक ॲब्सॉर्बर इतके तापतात की हात ठेववत नाही. दर पन्नासेक किलोमीटरला थांबून चाकाच्या हबला हात लावून पाहणं, नट तपासणं, कॅराव्हॅनच्या आत एक नजर टाकणं, याला पर्याय नाही.

याच्या उलट नुकताच ग्रेडर फिरलेला रस्ताही धोक्याचा असू शकतो. मऊ माती, वर आलेले धारदार दगड, आणि कडेला ग्रेडरने सारलेला मातीचा वरंबा. त्या वरंब्यावर कॅराव्हॅनचं एक चाक चढलं की ती एका बाजूला कलते. समोरून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) आली तर वेग कमी करा, सुरक्षित जागा बघून डावीकडे पूर्ण थांबा आणि धूळ बसेपर्यंत हलू नका.

आता तुमच्या कॅराव्हॅनकडे या, कारण रस्त्याची चौकशी शेवटी तिच्याशीच ताडून पाहायची आहे. पहिलं, मालकपुस्तिका आणि विम्याचे कागद उघडा. बऱ्याच साध्या कॅराव्हॅनची वॉरंटी कच्च्या रस्त्यावर चालत नाही. भाड्याची असेल तर करारात बहुधा स्पष्ट मनाई असते. दुसरं, खाली झोपून बघा. सगळ्यात खाली काय लोंबतंय? सांडपाण्याचा पाइप, पायरी, टेकू, की प्लास्टिकची उघडी टाकी? जमिनीपासून त्याची उंची मोजा आणि तोच तुमचा आकडा धरा. तिसरं, वजन खरंच २,५०० किलो आहे का ते वजनकाट्यावर तपासा. प्राडोची ओढण्याची मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते, आणि ती पुरेशी असली तरी कॅराव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा भाग गाडीच्या मागच्या जोडणीवर, हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ॲक्सलवर येतो. त्यात चार माणसं, भरलेली डिकी आणि रूफ रॅक मिळवला की गाडीची स्वतःची मर्यादा आधी ओलांडली जाते. टायरमध्ये हवा किती, हे वजनावर ठरतं. कच्च्या रस्त्यावर डांबरीवरच्या हवेच्या पाव हिस्सा कमी करायची, गाडी आणि कॅराव्हॅन दोन्हींची, आणि वेग साठ-सत्तरच्या आत ठेवायचा, एवढ्यावर सुरुवात करा.

ओढ्यात पाणी असेल तर नियम सोपा. वाहतं पाणी, तळ न दिसणारं पाणी, किंवा आधीच कुणी अडकलेलं, यांपैकी काहीही असलं तर कॅराव्हॅन घालायची नाही. कॅराव्हॅन म्हणजे रिकामा मोठा डबा, तिला वाहतं पाणी बाजूने ढकलतं. आणि ओढ्याच्या उतारावर पोचल्यावर मागे फिरता येत नाही, हे विसरू नका. मऊ कडेवर वळायला गेलात की रुतलात. पाणी दिसलं की बरंच अलीकडे, कडक जमिनीवर थांबा आणि चालत जाऊन पाहा.

तपासणी तीनदा करा. आठवडाभर आधी पावसाचा कल, मारीला पोचल्यावर आदल्या संध्याकाळी सगळे फोन, आणि निघायच्या सकाळी पुन्हा एकदा रस्त्याची स्थिती. त्यानंतर विल्यम क्रीकला पोचल्यावर पुन्हा एकदा. विल्यम क्रीकहून कूबर पीडीला १६६ किलोमीटरचा रस्ता आहे, बिघडलं तर तिकडून सुटता येतं, असं नियोजनात सगळे लिहितात. तोही कच्चाच आहे. ज्या पावसाने ट्रॅक बंद होईल त्याच पावसाने तो बंद होईल. त्यामुळे विल्यम क्रीकला अडकून पडलो तरी चालेल एवढं धान्य, पाणी, औषधं आणि रजा हाताशी ठेवा. माणशी रोज दहा लिटर पाणी, आणि चार जादा दिवस. तांदूळ, डाळ, पोहे आपल्याकडे असतातच. ताजी फळं मात्र आधी संपवा, साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशीचे नियम कडक आहेत. गावं सोडली की मोबाइलला रेंज नाही, म्हणून उपग्रहावर चालणारं एखादं साधन आणि नोंदणी केलेला पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदत मागणारं छोटं यंत्र) हवा. घरच्या एका माणसाला रोज संध्याकाळी कुठे पोचायचंय ते लिहून द्या, आणि निरोप आला नाही तर किती तासांनी पोलिसांना कळवायचं तेही.

थांबायची रेषा घरूनच आखा. माझी अशी आहे: पुढच्या चार दिवसांत पाच मिलिमीटरहून जास्त पावसाचा अंदाज असेल, किंवा तिन्ही तुकड्यांपैकी एकावरही वजनाचं किंवा फोर व्हील ड्राइव्हचं बंधन असेल, तर कॅराव्हॅन ट्रॅकवर जात नाही. मारीला पोचल्यावर, मुलं उत्साहात असताना, हा हिशोब मांडायला बसलात तर आकडे आपोआप सैल होतात.

पुढे कधी दुसरीकडे जाल तर पद्धत हीच, तपशील वेगळे. बर्ड्सव्हिल ट्रॅकवर कूपर क्रीकचं पाणी क्वीन्सलँडमध्ये पडलेल्या पावसाचं असतं आणि कित्येक आठवड्यांनी, निरभ्र आकाशाखाली येऊन रस्ता अडवतं. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये पश्चिम क्वीन्सलँडला मोठा पूर आला, त्याचं पाणी पुढचे कित्येक महिने खाली कटी थंडाकडे उतरत होतं. तिथे क्वीन्सलँडची १३ १९ ४० ही रस्त्यांची सेवा आणि डायमंटिना शायरची माहिती, दोन्ही पाहावी लागतात. ग्रेट सेंट्रल रोडला परवाने लागतात. गिब रिव्हर रोडवर पेंटकोस्ट नदीत मगरी आहेत, तिथे चालत जाऊन खोली पाहायची नाही. सिम्प्सन वाळवंटाच्या टेकड्यांवर कॅराव्हॅनचा विचारही करू नका.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं. कॅराव्हॅन कारखान्यातूनच ऑफरोड म्हणून आलेली असेल, वरची सगळी उत्तरं अनुकूल आली आणि हाताशी चार दिवस मोकळे असतील, तर जा. तीन तुकडे तीन दिवसांत करा आणि कवर्ड स्प्रिंग्जला एक मुक्काम ठेवा. यातलं एक जरी जुळलं नाही तर पोर्ट ऑगस्टाहून डांबरी स्टुअर्ट हायवे धरा, साधारण ५४० किलोमीटरवर कूबर पीडी. कॅराव्हॅन तिथल्या पार्कमध्ये ठेवा. रस्ता खुला असेल त्या दिवशी फक्त प्राडो घेऊन सकाळी विल्यम क्रीकला जा, तिथून छोट्या विमानाने तलाव वरून पाहा आणि उजेड असेपर्यंत परत या. संध्याकाळी गुरं आणि कांगारू रस्त्यावर येतात. दुसऱ्या दिवशी कॅराव्हॅन जोडून मार्लाकडे निघा. पुढे उलुरूपर्यंत सगळा रस्ता डांबरी आहे. विल्यम क्रीकच्या विमानाचं बुकिंग सुट्टीच्या दिवसांत लवकर भरतं, ते आत्ताच करा, आणि पावसामुळे तारीख बदलून मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारा.